सेट अजून टेस्टिंगवर हाय

त्यांना टीव्ही पाहताना मी, एक दिवस सोडला तर, कधी पाहिलं नाही. तुम्ही म्हणाल, नसेल आवड, असतात अशी माणसं. पण या माणसाचं उभं आयुष्य टीव्ही दुरुस्त करण्यात गेलं! अकोल्यात मोर्णा नदीच्या बाजूला आमची जुनी वस्ती, तिथं त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. पाच-सहा सेट मागची झाकणं काढून मांडलेले, आणि चाचा कायम त्यांच्या मागच्या अंगाला. एरवी पडद्यासमोर म्हणून कधी बसले नाहीत. सगळी वस्ती त्यांना चाचाच म्हणायची, माझे बाबासुद्धा. नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

आता मेकॅनिक लोक काय करतात, सेटपुढे आरसा उभा करतात. मागून स्क्रू फिरवायचा आणि चित्र आरशात पाहायचं. चाचांचा आरसा एकदा फुटला, तो त्यांनी परत आणलाच नाही. का, म्हणून विचारलं की म्हणायचे, "आरशाले काय समजते? मले हे पाहा लागते का पाहणाऱ्याले कसं वाटून राहिलं." म्हणून मग त्यांचा आरसा आम्ही. वस्तीतली दहा-बारा पोरं रविवारी सकाळी पडद्यासमोर बसवायचे, आणि आपण मागून, सेटच्या वरून नुसते डोळे बाहेर काढून आमची तोंडं पाहायचे. कुणाच्या कपाळाला आठी पडली की एक स्क्रू, कुणी डोळे बारीक केले की दुसरा. "कसं दिसते?" असं त्यांनी आम्हाला कधीच विचारलं नाही. "जिभेनं पोट्टे खोटं बोलतात, थोबाडानं नाही बोलत," हे त्यांचं ठाम मत.

आरशाची निवडही कडक होती. एका पोराला त्यांनी भर कार्यक्रमातून उठवलं. "तू घरी जाय बापा. तुले सगळंच आवडते." खरंच होतं ते, त्या पोराला पडद्यावर नुसत्या मुंग्या चालल्या तरी तो टाळ्या पिटायचा. तो रडत गेला. माझी मात्र नोकरी कायम. "छोटीचं थोबाड म्हणजे पंचनामा हाय," म्हणायचे, "जे झालं ते सगळं लिहिलेलं." मी तेव्हा आठवीत. बाकीच्यांपेक्षा डोक्यानं उंच, म्हणून मागच्या ओळीत बसायची आणि मनातून लाजायची, की एवढी घोडी झाली तरी कार्टून पाहते.

कार्टूनच का, तर त्यालाही चाचांचं शास्त्र होतं. कार्टूनमध्ये रंग सपाट लावलेला असतो, जरा फिका पडला की लगेच कळतं. आणि अर्धा तास का, तर सेट थंडा असताना शहाण्यासारखा वागतो. आतला सोल्डरिंगचा टाका कुठं कच्चा असला तर गरम झाल्यावरच तो सुटतो. म्हणून त्यांचा नियम: रविवारचा कार्टूनचा पूर्ण अर्धा तास चालल्याशिवाय एकही सेट दुकानाबाहेर जाणार नाही. शनिवारी कुणी न्यायला आलं तर मान वर न करता म्हणायचे, "सेट अजून टेस्टिंगवर हाय." मोठमोठे लोक चिडून जायचे. एका फौजदारानं आवाज चढवला तर चाचा म्हणाले, "सायेब, तुमी आरोपीले एका दिवसात सोडता का?"

अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. त्या खोलीत कूलर लावू द्यायचे नाहीत, सेटला ओल बाधते म्हणून. आम्ही घामानं निथळतोय, ते स्वतः निथळताहेत, आणि सेट आपला आरामात कोरडा. झाकण काढलं की आतली धूळ बोटावर घेऊन मालकाचं घर सांगायचे. "तुमच्या घरी फोडणी लय जळते, भाभीचं लक्ष नाही." "टीव्हीवर अगरबत्ती लावता, बंद करा, देवाले पोचून नाही राहिली, सगळी राख आत हाय." लोक हसायचे आणि घाबरायचेही.

आणि ती मालिका! बाई गं. तेव्हा आम्हाला ती जपानची आहे हे माहीत नव्हतं, ॲनिमे हा शब्द तर मला परवा माझ्या नातीनं शिकवला. हिंदीत बोलायची सगळी पात्रं, डोळे मात्र वाटीएवढे. एक मुलगी, बर्फाच्या गावातली. तिला पंख मोडलेला एक बगळा सापडतो. त्याचा थवा समुद्राकडे उडून गेलेला. तर ही पोर पाठीवरच्या टोपलीत त्या बगळ्याला घालते आणि पायी समुद्राकडे निघते. झालं, एवढीच गोष्ट. दर रविवारी एक नवं गाव, एक नवी अडचण. कधी पूल वाहून गेलेला, कधी बगळा चोरणारा सरदार, कधी नुसता ताप. सुरुवातीचं गाणं लागलं की आमच्या अंगावर काटा यायचा. आठवडाभर आमच्या गल्लीतली पोरं पाठीला टोपली बांधून त्यात फाटकी उशी घालून फिरायची. एका पोरानं खरी कोंबडी घातली, त्याच्या आजीनं त्याला चांगलं धुतलं.

चाचांना पडदा दिसत नसे, म्हणून कार्यक्रम संपला की ते सेट बंद करायचे आणि मला म्हणायचे, "हां छोटी, काय झालं सांग." मी सांगायची. पुन्हा तीच गोष्ट घरी जाऊन ताईला सांगायची. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. साखरपुडा झाल्यापासून तिला दुकानात जायची बंदी झालेली. ती तांदूळ निवडत ऐकायची आणि शेवटी एकच विचारायची, "पोचली का?"

"आत्ता कुठं. अजून दोन डोंगर हायेत."

"लवकर चाल म्हना तिले. माहं लग्न होऊन जाईन."

ताईचं सासर अमरावतीचं. त्यांनी हुंडा नको म्हटलं होतं. "पोरीच्या हौसेनं काय द्यायचं ते द्या," म्हटलं होतं. हे वाक्य ज्यांच्या घरात ऐकलं गेलंय, त्यांना ते किती जड असतं ठाऊक आहे. साखरपुड्यात नवऱ्या मुलाचं घड्याळ साधं निघालं, तर त्याच्या मामानं जेवणावर बसून ते सगळ्या पंगतीला दाखवलं होतं. बाबा जिनिंग फॅक्टरीत काट्यावर होते, कापसाच्या गाड्या तोलायचे. त्यांनी काय काय करून एक कलर टीव्ही आणला आणि खोक्यासकट कोपऱ्यात ठेवला. त्यावर ताईचं नाव खडूनं लिहिलं. खोकं उघडायचं नाही. ताईनं सासरी जाऊन उघडायचं.

लग्नाच्या आदल्या आठवड्याचा रविवार. मालिकेचा शेवटून दुसरा भाग. आणि चाचा पातूरला मयतीला गेलेले, दुकानाला कुलूप! मी घरी येऊन रडायलाच बसले. आई-बाबा पत्रिका वाटायला दर्यापूरला गेलेले. ताईनं माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे पाहिलं.

"माह्या नावाचा हाय ना?" ती म्हणाली. "मंग मी पाहीन."

आम्ही खोकं उलटं करून बुडाकडून उघडलं, वरची पट्टी तशीच राहावी म्हणून. शेजारच्यांच्या अँटेनाची वायर खिडकीतून ओढली. चित्र लागलं तेव्हा ताईनं दोन्ही हात गालांवर ठेवले. तिनं ती मुलगी पहिल्यांदाच पाहिली, बरं का. इतके आठवडे नुसती माझ्या तोंडून ऐकलेली. "तू सांगतली त्याहून लहान हाय व," म्हणाली.

दहाएक मिनिटं झाली असतील. फॅक्टरीच्या मोटारी बंद झाल्या की आमच्या गल्लीत व्होल्टेज उडी घ्यायचा, हे आम्हाला माहीत होतं, पण बल्बच्या संदर्भात. आमच्या घरी टीव्ही होता कुठं? बल्ब एकदम पांढराफट झाला, टीव्हीतून चट् असा आवाज आला, आणि सगळं चित्र मिटून मधोमध एक पांढरी आडवी रेघ उरली. मग तीही गेली.

ताईनं आधी वायर खिडकीबाहेर टाकली. मग म्हणाली, "मामा लोकायले दाखवाले तिथं लगेच लावून पाहतीन."

चाचा सोमवारी आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दुसरं काहीच विचारलं नाही, एकच विचारलं, "सेट कोनाचा हाय?" कारण मालकाला विचारल्याशिवाय ते झाकण उघडत नसत, हाही नियम. मी म्हटलं, बाबांचा. तर मागून ताई, जिला दुकानात यायची बंदी, ती डोक्यावरून ओढणी घेऊन आत आली आणि म्हणाली, "माहा हाय. मले देऊन राहिले ना? मंग माहाच."

चाचांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "हाव," म्हणाले. "मालकीन तू. तू सांगशीन तसं."

दुपारी सगळं सामसूम असताना ते सायकल घेऊन आले. सेट गोधडीत गुंडाळून कॅरिअरवर बांधला आणि, "गोधडी धुवाले नेऊन राहिलो," असं कुणी न विचारताच तिघा-चौघांना सांगत गेले. रिकाम्या खोक्यात आम्ही विटा आणि जुन्या साड्या भरल्या, हाताला जड लागावं म्हणून.

तो आठवडा कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. चाचा पार्ट आणायला बुधवारी बसनं अमरावतीला गेले, तर दुकानदारानं नकली दिला. शुक्रवारी पुन्हा गेले. मधल्या गुरुवारी नवऱ्या मुलाचा मामा आमच्याकडे टपकला, सामान पाहायला. खोक्यावर थाप मारून म्हणाला, "कलर हाय ना पाव्हणे? खोला बरं, पाहू तं द्या." ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. बाबांचा चेहरा ताठ झाला. "सील पोरगी तोडीन," ते म्हणाले, "तुमच्या घरी." मामा हसला, खोकं जरा हलवून पाहिलं, "जड हाय बापा," म्हणाला, आणि चहा घेतला. बाबांच्या स्वाभिमानानं आम्हाला वाचवलं, आणि त्यांना बिचाऱ्यांना ते माहीतही नव्हतं. मला त्या दिवशी आजपर्यंत वाटली नाही एवढी लाज वाटली.

आणि मग रविवार. सोमवारी लग्न, रविवारी संध्याकाळी हळद, आणि सामान मांडवात न्यायला टेम्पो येणार साडेदहाला. पार्ट बसवून चाचांनी सेट शनिवारीच चालू केला होता, पण सोडायला तयार नाहीत. "गरम होऊ दे. उद्याचा अर्धा तास चालला का मीच पोचवतो, टेम्पोच्या पहिले." मालिकेचा शेवटचा भाग. ताई मागच्या दारानं आली आणि पोरांच्या मागं माझ्याशेजारी बसली. चाचा सेटच्या मागं, हातात स्क्रूड्रायव्हर, डोळे आमच्यावर.

तुम्हाला सांगते, तसं चित्र मी पुन्हा पाहिलं नाही. बर्फ असा पांढरा की डोळे दिपावे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, सेट चालतोय. वीस मिनिटं. ती मुलगी शेवटच्या टेकडीवर चढते आहे, बगळा टोपलीतून मान बाहेर काढतो, आणि पलीकडून समुद्राचा नुसता आवाज येतो, अजून दिसत नाही. ताईनं माझं मनगट धरलेलं, बांगडी रुतत होती. आणखी पाचच मिनिटं, मग सेट पास आणि ताई सुटली.

तेवढ्यात बाबा दारात आले. त्यांच्या हातात वीट होती.

खोकं टेम्पोसाठी ओट्यावर आणायला त्यांनी उचललं होतं. आता, जो माणूस वीस वर्षं काट्यावर उभा राहिला, त्याला तुम्ही विटा भरून फसवणार? उचलताक्षणी ते म्हणाले म्हणे, "हे तीन-चार किलो जास्त हाय."

नुसते वीट घेऊन उभे. एकेक पोर दाराकडे पाहून घाईनं पुन्हा पुढं वळलं आणि एकेकाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. कुणाचं तोंड उघडं राहिलं, कुणी हुंदका दिला. मी तर बसल्या जागी पांढरी पडले असणार. चाचांना बाजूचं दार दिसत नव्हतं, मांडलेले बाकीचे सेट आडवे होते. त्यांना दिसली ती फक्त आमची तोंडं, एकदम विझलेली, सगळ्यांची, एकाच वेळी. त्यांना वाटलं, गेलं चित्र!

त्यांनी घाईनं स्क्रू फिरवला. एक फिरवला, चेहरे तसेच. दुसरा फिरवला. स्क्रूड्रायव्हर घसरला, आत ठिणगी उडाली, आणि चांगल्या चाललेल्या पडद्यावर मधोमध एक पांढरी आडवी रेघ पसरली. मग अंधार.

चाचा उठून पुढं आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते पडद्याच्या या बाजूला आलेले मी पाहिले. त्यांनी बाबांना पाहिलं, विटेला पाहिलं, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"सेट चांगला होता," ते हळूच म्हणाले. "मीच बिघडवला."

बाबा ताईला म्हणाले, "ऊठ. घरी चाल." मग चाचांना, "किती वेळ लागीन?"

"पार्ट अमरावतीहून आना लागते."

"थोडा वेळ चालते का? दाखवण्यापुरता?"

चाचांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग ताईकडे वळून म्हणाले, "मालकीन सांगीन तसं."

बाबांना ते समजलंच नाही, मालकीण कोण. ताई उभी होती. घाबरलेली होती, पण बोलली. "नको. नाही चालनारा सेट नेला तं तिथं माह्याच नावानं बोलतीन. राहू द्या इथंच."

टेम्पो टीव्हीशिवाय गेला. तो शेवटचा भाग आमच्या गल्लीत कुणीच पुरा पाहिला नाही. परवा नातीनं मोबाइलवर शोधून दिला, तेव्हा ती पाच मिनिटं मी पाहिली. ताईनं मला विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

लग्नाच्या मांडवात रुखवताच्या टेबलावर मध्ये एक चौकोनी मोकळी जागा होती. मामानं ती सगळ्यांच्या आधी पाहिली. "टीव्ही कुठं गेला हो पाव्हणे?" एवढ्या मोठ्यानं, की बँडवाल्यानं वळून पाहिलं. बाबा ती जागा झाकायला टेबलावरची भांडी सरकवू लागले. मी ताईकडे पाहिलं, तिची मान खाली, मुंडावळ्या तोंडावर आलेल्या.

तेवढ्यात जेवणाची पत्रावळ बाजूला ठेवून चाचा पुढं आले. पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा कुर्ता, हातावर वरणाचा डाग. "माह्या दुकानात हाय सायेब," ते म्हणाले. "मीच म्हटलं होतं, नवा सेट बी तपासून घ्या. माह्याच हातानं बिघडला. बनवून देतो. याची जबान हाय," आणि स्वतःच्या छातीला हात लावला.

"लग्नाच्या टीव्हीले मेकॅनिक लागते हे पहिल्यांदाच आयकलं," मामा म्हणाला, आणि वऱ्हाड हसलं. नवरा मुलगाही हसला. ताईकडे पाहून हसला. ते हसणं मला आवडलं नाही. पण अक्षता पडल्या.

पंधरा दिवसांनी ताई आणि जावई टीव्ही न्यायला आले. रविवारच होता. आता त्या वेळेला दुसरंच काहीतरी कार्टून लागायचं, उंदीर-बिंदीर धावायचे. सेट कधीचा तयार होता. चाचांनी दोघांना पोरांच्या मधोमध समोर बसवलं, मला ताईशेजारी बसवलं, आणि मागं जाऊन बसले. जावई पाय हलवत बसला होता. म्हणाला, "चालू तं हाय. कायले वेळ घालवता?" चाचा म्हणाले, "गरम होऊ द्या."

अर्धा तास झाला. चित्रात कसलाही दोष नाही, मी शपथेवर सांगते. चाचांनी बटन बंद केलं आणि म्हणाले, "नाही जमलं. सेट अजून टेस्टिंगवर हाय."

जावयानं ताईकडे असं पाहिलं, जणू तिनंच तो बिघडवला. स्टँडपर्यंत तो पुढं आणि ती मागं, अशी गेली दोघं.

मी परत दुकानात पळाले. "चाचा, चित्र तं साफ होतं!"

"चित्र साफ होतं," ते म्हणाले. ते हातातला स्क्रूड्रायव्हर उगाच पुसत होते. "तुह्या ताईचं थोबाड पायलं? उंदीर पडला, सारे पोट्टे हसले. तिनं पहिले त्याच्याकडे पाहिलं, हसू का नको म्हनून. मंग नाही हसली." थोडं थांबून म्हणाले, "सेट गेला तं तिले इकडे याले कारन काय राहीन, छोटी?"

मला तेव्हा ते फार मोठं शहाणपण वाटलं. नंतर मात्र तसं वाटेना. कारण अमरावतीहून पत्र यायचं ते जावयाच्या अक्षरात: टीव्ही कधी देता. पुढच्या वेळी दीर सोबत आला, ताई पुन्हा रिकाम्या हाती गेली. चाचांचा चेहरा त्या महिन्यांत उतरत गेला. एकदा मलाच म्हणाले, "त्या रविवारी मी तुमचे थोबाडं वाचले अन् साफ चुकलो. आता बी चुकून तं नाही राहिलो? मी सेट अडवून राहिलो, अन् तिकडे मार तिले बसत असन." हा प्रश्न त्यांनी मला विचारला, आठवीतल्या पोरीला. दुसऱ्या कुणाला विचारणार होते? बाबांना सांगू का म्हटलं तर म्हणाले, "मालकीन सांगीन तवा." मला राग आला त्यांचा. नियम, नियम! तुमच्या नियमापायी माझी ताई जाते आहे, असं मी बोलून गेले. आठ दिवस मी दुकानात पाय ठेवला नाही.

अक्षय तृतीयेच्या पुढल्या रविवारी ताई एकटीच आली. बसमधून उतरून घरी न येता सरळ दुकानात. मी पाणी भरून येत होते, ती वळताना दिसली, म्हणून हंडा ठेवून मागं गेले. भर उन्हाळ्यात तिनं पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घातलेला, आणि गळ्यातल्या डोरल्याशी सारखा हात.

"चाचा, आज द्याच," ती म्हणाली. "नाही देला तं येऊ नको म्हनले."

चाचांनी झाकण लावलं नाही की स्क्रूड्रायव्हर उचलला नाही. सेट चालू केला आणि, मी आधी कधी पाहिलं नव्हतं ते केलं, मागं न जाता तिच्याशेजारी जमिनीवर येऊन बसले. पडद्याकडे तोंड करून. तिच्याकडे पाहिलंही नाही. "सेट चांगला हाय बेटा," ते म्हणाले. "फाल्गुनापासून चांगला हाय. मी अडवून ठेवला. चूक केली का बरं केलं, मले समजून नाही राहिलं. तू मालकीन. न्यायचा असन तं आत्ता स्टँडवर पोचवतो."

ताई पडद्याकडे पाहत राहिली. काय लागलं होतं ते मला आठवत नाही. खोलीत उकडत होतं, घामाचे ओघळ तिच्या मानेवरून आत जात होते. दहा मिनिटं गेली असतील, कदाचित जास्त. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. मला वाटलं, आता ती उठेल आणि स्टँडवर जाईल, आणि सगळं संपेल.

मग तिनं बाह्या वर केल्या. उकडलं म्हणून करतात तशा, कोपरापर्यंत. आम्हाला दिसलं ते दिसलं.

"बाबाच्या घरी पोचवा," ती म्हणाली. "मी बी आता तिथंच राहीन."

चाचांनी त्या दिवशी गोधडी घेतली नाही. सेट उघडा कॅरिअरवर बांधला, पडदा बाहेरच्या बाजूला करून, आणि भर दुपारच्या गल्लीतून सायकल ढकलत चालले. मागं ताई, मागं मी. लोक ओट्यांवर येऊन पाहत होते आणि चाचा कुणालाही काही सांगत नव्हते.

बाबा दारातच होते. त्यांनी सेट पाहिला. ताईला पाहिलं. तिचे हात पाहिले.

"दुरुस्त झाला?" त्यांनी विचारलं.

"कवाचाच," चाचा म्हणाले. "मीच देत नव्हतो."

बाबांना त्यातलं किती कळलं, मला सांगता यायचं नाही. ते तसेच उभे राहिले, दाराच्या मधोमध, आणि मी देवाचं नाव घेत होते की ते बाजूला होवोत. ताईही त्यांच्याकडेच पाहत होती.

मग बाबा ओट्यावरून खाली उतरले, अनवाणीच, तापल्या फरशीवर. दोर सोडला आणि सेटची एक बाजू स्वतः धरली.

"हळू," ते चाचांना म्हणाले. "पायरी हाय."